प्रिन्सेस, सनसीकर आणि मंडळी: लहान बोट बांधावी की मोठी?

खाडीकाठचा

मंडळी, मूळ गाव मुरुड, गेली अकरा वर्षं मुक्काम प्लिमथ, इंग्लंड. पोटापाण्याचं काम फायबरग्लासचं: साच्यात कापड पसरायचं, व्हॅक्यूम लावून रेझिन ओढायचं, घट्ट झालं की माल बाहेर काढायचा. प्रिन्सेस यॉट्स या इथल्या आलिशान बोटींच्या कंपनीत नाही, एका छोट्या शेडमध्ये आहे. पण या गावात राहून प्रिन्सेसची चर्चा कानावर पडली नाही असा आठवडा जात नाही.

परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, या कंपन्या तीस फुटी बोट का बनवत नाहीत? ऐंशी फुटीपेक्षा तिला गिऱ्हाईक जास्त असेल ना?" फोनवर उत्तर आटपेना, म्हणून हा धागा.

सुरुवात सगळ्यांची लहानच होती. प्लिमथमध्ये डेव्हिड किंग आणि दोन मित्रांनी १९६५ साली न्यूपोर्ट स्ट्रीटवर शेड भाड्याने घेतली, नाव मरीन प्रोजेक्ट्स. पहिली बोट 'प्रोजेक्ट ३१', नावाप्रमाणे एकतीस फुटी. हीच पुढे प्रिन्सेस. पूल नावाच्या गावात रॉबर्ट ब्रेथवेटने १९६९ मध्ये धंदा मांडला, सुरुवातीच्या बोटी सतरा फुटी; हे सनसीकर. औंडलला नदीकाठच्या वाळू-खडीच्या खाणीत पाणी भरून मरिना करणाऱ्या जॅक न्यूइंग्टनने १९६७ मध्ये एकोणीस फुटी बोट काढली, ती फेअरलाइन. आज प्रिन्सेसची सर्वांत लहान बोट चाळीस फुटांच्या जराशी वर आणि सनसीकरची पन्नासच्या आसपास. ज्या मापावर नाव कमावलं ते माप दोघांच्याही यादीत नाही.

का? माझ्या शेडमधून दिसतं तसं सांगतो.

चाळीस फुटी बोट ऐंशी फुटी केली की लांबी दुप्पट होते, पण वजन पाच-सहा पटीने वाढतं, आतली जागा त्याहून जास्त. आणि जागा म्हणजे काय, हवा! मोठ्या बोटीत हवा विकता येते. सोफा आणि समोरच्या भिंतीत दोन मीटर अंतर वाढवायला मजुरी फार लागत नाही, किंमत मात्र मीटरच्या हिशेबाने चढते. लहान बोटीत उलटं. संडास एकच असला तरी पंप, टाकी, नळ्या, झडपा सगळं लागतंच. नांगर उचलायचं यंत्र, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा), वायरिंगचा जुडगा, शेगडी, फ्रिज, सगळं हवं. शिवाय हे बसवायला माणूस आडवा पडून, एक हात आत घालून, चाचपडत काम करतो. ऐंशी फुटीच्या इंजिनरूममध्ये तोच माणूस उभा राहून शिट्टी वाजवत काम करतो. लहान बोटीत तासाला काम कमी होतं, ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

दुसरा मुद्दा साच्याचा. आधी लाकूड-फोमची हुबेहूब प्रतिकृती, तिच्यावरून साचा, मग साच्यातून बोट. साचा एका बोटीसाठी करा की दोनशेंसाठी, खर्च तोच. लहान बोटीत बोटीमागे नफा थोडा, म्हणजे साच्याचे पैसे वसूल व्हायला खूप बोटी खपल्या पाहिजेत. एखादं वर्ष मंदीचं गेलं की साचा कोपऱ्यात ताडपत्रीखाली.

साच्यातून हल, म्हणजे बोटीचं खालचं धड, सुटतो तो क्षण मात्र बघण्यासारखा. दोन अर्ध्या साच्यांचे नटबोल्ट काढतात, कडेने लाकडी पाचरी ठोकतात, फटीत दाबाची हवा सोडतात. आधी काहीच होत नाही. मग आतून कडकड आवाज येतो, तव्यावरून पापड सुटावा तसा, पण गाडीएवढा पापड. क्रेन हळूच ताण घेते आणि चकचकीत तळ वर येतो. सगळे दोन पावलं मागे. अकरा वर्षांत मी एकदाही त्या वेळी चहा प्यायला गेलो नाही.

माझं म्हणणं एवढंच की लहान बोट ही शिडीची पहिली पायरी होती. माणूस तिशीत तीस फुटी घेई, पन्नाशीत साठ फुटी, आणि कंपनी तीच ठेवी. कंपन्यांनी पायरी काढून टाकली. वरच्या मजल्यावर माणसं कुठून येणार?

---

सरळमार्गी

कोट्यधीशांच्या खेळण्यांवर एवढा ऊहापोह? इथे लोक लोकलमध्ये लटकतायत.

---

खाडीकाठचा

सरळमार्गी, कोट्यधीशांचं जाऊ द्या. फेअरलाइन डिसेंबर २०१५ मध्ये डबघाईला येऊन प्रशासकाच्या हाती गेली तेव्हा नाताळच्या तोंडावर शेकडो कामगार घरी बसले. खेळणं त्यांचं, पगार आमचा.

---

पैपैहिशेब

लेख आवडला. सीए असल्याने दोन पैसे माझेही.

तुम्ही नफ्याचं बोललात, मी रोखीचं बोलतो. मोठी बोट गिऱ्हाईक सही करून घेतं आणि टप्प्याटप्प्याने पैसे देतं: करार झाला इतके, हल सुटला इतके, इंजिन बसलं इतके. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर बोट बांधली जाते. लहान बोट डीलरच्या साठ्यासाठी बांधावी लागते. ती खपेपर्यंत पैसे कुणाचे तरी अडकतात, आणि व्याज कुणीतरी भरतं.

दुसरं, २००८. लहान बोट घेणारा कर्ज काढून घेतो. बँकांनी हात आखडला की तो पहिला गायब. नव्वद फुटी घेणाऱ्याचं फार तर पुढच्या वर्षावर जातं. त्या मंदीनंतर सगळ्यांचीच नजर वर गेली त्यात नवल नाही.

पण वर जाण्यातही खड्डे आहेत. प्रिन्सेस २००८ मध्ये लुई व्हिताँवाल्या बर्नार आर्नो यांच्याशी संबंधित गुंतवणूक कंपनीने घेतली, २०२३ मध्ये अमेरिकेच्या केपीएस कॅपिटलने. सनसीकर २०१३ मध्ये चीनच्या वांडाने सुमारे ३२ कोटी पौंडांना घेतली, २०२४ मध्ये परत विकली गेली. दर मालक नवीन धोरण घेऊन येतो. एक म्हणतो तरुण गिऱ्हाईक आणा, लहान बोट काढा. दुसरा म्हणतो सुपरयॉट काढा. साच्याला वर्षानुवर्षं लागतात वसूल व्हायला आणि धोरण तेवढं टिकत नाही. मला तर मूळ दुखणं मापाचं नाही, धीराचं वाटतं.

---

ऐरोलीचा अण्णा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: टाटांनी २००८ मध्ये एकीकडे नॅनो दाखवली आणि दुसरीकडे जॅग्वार घेतली. लहान-मोठं दोन्ही एका घरात नांदू शकतं की!

---

खाडीकाठचा

अण्णा, घर एक, पण चुली वेगळ्या ना! नॅनोच्या दुकानात कुणी जॅग्वार ठेवली नव्हती. इथे नाव एकच, शेड एकच, कामगार तेच.

पैपैहिशेब, धीराचा मुद्दा पटला. दोन्ही टोकांचं उदाहरण आमच्याच गावचं.

खालचं टोक: २०१८ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या बोट शोमध्ये प्रिन्सेसने आर-३५ आणली. पस्तीस फूट, कार्बन फायबर, मोटारींना रूप देणाऱ्या इटलीच्या पिनिनफरिनाचं डिझाइन. बेन एन्स्लीच्या शर्यतवाल्या संघातून निघालेल्या बीएआर टेक्नॉलॉजीजने तिच्या तळाला संगणकावर हलणारे फॉइल, म्हणजे पाण्याखालचे पंख, दिले, त्यामुळे लाटेवर बोट स्वतःच तोल सावरते. पन्नास नॉटचा, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या वर वेग. कौतुक भरपूर झालं. पण ती शिडीची पहिली पायरी होती का? पस्तीस फुटात झोपायला जेमतेम दोघं, आणि किंमत मोठ्या बोटीच्या अंगाने जाणारी. तिशीतला नवखा ती घेणार नव्हता, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला केबिन हव्या होत्या. आज ती प्रिन्सेसच्या यादीत नाही.

वरचं टोक: रॉयल नेव्हीच्या डेव्हनपोर्ट गोदीचा जुना भाग, साउथ यार्ड, घेऊन प्रिन्सेसने एम क्लास सुरू केला आणि २०१२ मध्ये ४०एम, म्हणजे चाळीस मीटरची, उतरवली. तीही मालिका आता नाही. मोठी बोट म्हणजे वाढवलेली छोटी बोट नव्हे हे तिथे कळतं. ऐंशी फुटीपर्यंत कारखाना असतो, त्यापुढे बांधकाम साइट होते. दर मालकाची बायको, डिझायनर, कॅप्टन, सगळे येऊन बदल सांगतात. आमच्या शेडमध्येही असाच एक मालक होता. त्याने स्वयंपाकघर तीनदा हलवलं आणि शेवटी म्हणाला, पहिलंच बरं होतं.

सनसीकरचंही तेच. २०१९ मध्ये हॉक ३८, वेगाचा बादशहा फाबिओ बुत्सीचा तळ, मागे मर्क्युरीची दोन आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेली इंजिनं. वरच्या टोकाला १५५ यॉट, सत्तेचाळीस मीटर, फॉर्म्युला वनवाल्या एडी जॉर्डननेही घेतलेली. त्याच्या वर अॅल्युमिनियमची १६१, तिच्यासाठी नेदरलँड्सच्या आयकॉन यॉट्सशी भागीदारी जाहीर केली. इतकी ताणाताण करून आज भर आहे मधल्या मापांवर. पन्नास ते शंभर फूट हीच त्यांची खरी भाकरी.

---

फ्लोरिडाचा बंड्या

इकडे नेमकं उलटं झालं, म्हणून लिहितो.

सी रे ही अमेरिकेच्या ब्रन्सविकची बोट-कंपनी. २०१७ च्या शेवटी ब्रन्सविकने ती विकायला काढली, २०१८ च्या जूनमध्ये विक्री रद्द केली आणि मोठ्या यॉटच बंद केल्या. एल क्लासच्या साठ-पासष्ट फुटी होत्या त्या गेल्या, इथले फ्लोरिडातले कारखाने बंद झाले. लहान राहिल्या. मोठ्या बोटी नफ्याच्या, असा सरसकट नियम नाही हो. कमी संख्येत मोठ्या बोटी बांधणं आणि वर्षाला हजारोंनी लहान बोटी बांधणं ही दोन वेगळी डोकी लागतात. ब्रन्सविकचं डोकं दुसरं होतं, त्यांनी मान्य केलं. शिवाय मर्क्युरी इंजिनं त्यांचीच, लहान बोट विकली की दोनदा कमाई.

---

रेवदंडेकर

वाचून मजा आली. माझा थोरला भाऊ गेटवेसमोरच्या एका खाजगी यॉटवर खलाशी आहे. बावन्न फुटी, परदेशी, कंपनी सांगत नाही.

तुमच्या शिडीचं गणित इथे लागू होत नाही. प्लिमथला म्हणे नवरा-बायको मिळून पन्नास फुटी चालवतात. इथे तीस फुटीवरही कॅप्टन आणि दोन खलाशी असतातच. मालक शनिवारी संध्याकाळी डिंगीने (छोट्या होडीने) येतो, मांडव्याला जातो, रविवारी परत. त्याला सुकाणू धरायचंच नसतं. मग तो फूट कशाला वाचवेल? त्याला हव्यात वर बसायच्या जागा, एसी आणि सावली. उन्हात झोपायच्या त्या पुढच्या गाद्या भावाने पाच वर्षांत वापरलेल्या पाहिल्या नाहीत. गाद्या केबिनमध्ये ठेवतात आणि तिथे भाऊ झोपतो!

करही आहेच. यॉटवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के सेस होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून थेट ४० टक्के. आयात शुल्क वेगळं. एवढा भरणारा माणूस लहान बोट घेईल असं वाटत नाही.

सुट्या भागांची गंमत तर विचारू नका. जनरेटरचा एक पंप मागवला, तीन महिने लागले. एजंटाने दर आठवड्याला "शिपमेंट निघालंय" सांगितलं. शेवटी ससून डॉकवरच्या एका मेस्त्रीने मासेमारीच्या ट्रॉलरचा पंप बसवून दिला. अजून चालतोय.

---

मिलानवाली

ताई म्हणा, दादा म्हणू नका, मागच्या धाग्यात सगळे दादा म्हणत होते.

तुम्ही सगळे इटलीची रीवा ही बोट-कंपनी विसरलात का? इझेओ तळ्याच्या काठी सार्निको नावाचं गाव, तिथे १८४२ पासून. १९६२ ची महोगनीची अॅक्वारामा आठवते का? २००० मध्ये फेर्रेत्ती समूहाने रीवा घेतली. आणि आज तिच्या नावावर इझेओ ही सत्तावीस फुटीही आहे आणि अँकोनात बांधलेली पन्नास मीटरची सुपरयॉटही, २०१९ ची. म्हणजे दोन्ही टोकं धरून उभी आहे.

पण लहान रीवा कुणासाठी आहे ते बघा. मी दोनदा सार्निकोला जाऊन आलेय, एकदा ऑफिसच्या सहलीला, एकदा स्वतःच्या खर्चाने (पॅनिनी खाऊन परत). घाटावर लागलेल्या अॅक्वारीवाच्या मालकाकडे बघून ही त्याची पहिली बोट असेल असं वाटलं नाही. तिचा उपयोग दागिन्यासारखा आहे. मोठी यॉट नांगरून ठेवायची आणि बंदरात कॉफी प्यायला हिच्यातून जायचं. खाडीकाठचा, तुमची शिडी रीवाने उलटी टेकवलीय. माणूस वरून खाली येतो.

---

खाडीकाठचा

ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझं मूळ विधान दुरुस्त करतो.

लहान बोट दोन प्रकारची. एक पायरी, एक दागिना. आर-३५ ने किंमत दागिन्याची लावली, पण प्रिन्सेसचं नाव त्या अर्थाने दागिन्याचं नाही. ते कष्टाने वर आलेल्या, शनिवार-रविवार कुटुंब घेऊन निघणाऱ्या माणसाचं नाव आहे. रीवाकडे तो इतिहास आहे. शिवाय फेर्रेत्ती समूहात सुपरयॉट अँकोनाला बांधतात आणि लहान सार्निकोला. अण्णांना म्हटलं तशा चुली वेगळ्या!

आणि पायरीची बोट आता दुसऱ्यांनीच पळवलीय. फिनलंडचं अॅक्सोपार २०१४ मध्ये आलं: साधी, उघडी, मागे आउटबोर्ड, आत जास्त काही नाही, बांधणी पोलंडमध्ये. तिशीतला नवखा तिकडे जातो. प्लिमथच्या मजुरीत ते बांधणं शक्य नाही, मी रोज पगाराची पावती बघतो म्हणून सांगतो.

---

पैपैहिशेब

वरच्या मापाला कायद्याचंही काही कारण आहे का? ९५ फुटी पुष्कळ दिसतात, ११५ फुटी फार कमी.

---

खाडीकाठचा

आहे ना, आणि तेच बघण्यासारखं आहे. चोवीस मीटर ही रेघ. युरोपचा बोटींचा नियम अडीच ते चोवीस मीटरपर्यंत लागतो, त्यावर जहाजांसारखे नियम, तपासण्या, परवानाधारक कॅप्टन. पण या जहाजवाल्या नियमांसाठी लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजत नाहीत. पाण्याच्या रेघेजवळ, एका ठरावीक पद्धतीने मोजतात, तिला लोडलाइन लांबी म्हणतात. त्यामुळे हुशार डिझायनर पुढचं नाक बाहेर काढतो, मागे पोहण्याचा फळा लावतो, आणि बोट सत्तावीस मीटरची होऊनही कागदावर चोवीसच्या आत राहते. लांबी तिथे अडते म्हणून रुंदी आणि उंची फुगते. प्रिन्सेसची एक्स-९५ बघा, वरचा मजला जवळजवळ पूर्ण लांबीचा. सनसीकरने तर ओशन मालिकेत नावातला आकडा लांबीऐवजी आतल्या आकारमानाचा केला, ओशन १८२ वगैरे. हवा विकतात म्हटलं ते असं.

रस्त्याचाही अडसर आहेच. प्लिमथमध्ये काही शेड पाण्यापासून लांब आहेत, तिथून बोट ट्रेलरवर बंदरात आणावी लागते. वळणावर बसेल तेवढीच बोट तिथे बांधायची.

---

कुतूहल

मामा, मीच तुमचा भाचा. नाव नोंदवून आलो. सगळं वाचलं. तरी मूळ प्रश्न राहिलाच, मला तीस फुटी हवी असेल तर कुणाकडे जाऊ? (पैसे नाहीत, पण समजा.)

---

खाडीकाठचा

अरे, इथे आमच्या खाडीत १९७० च्या दशकातल्या प्रिन्सेस ३२ अजून तरंगतायत. आठवड्याला एक तरी विक्रीला लागते. कंपनीची नवी लहान बोट कुणाशी भांडते माहितेय? याच जुन्या बोटींशी. फायबरग्लास मरत नाही, हाच या धंद्याचा शाप. पन्नास वर्षांपूर्वी विकलेली बोट आजही गिऱ्हाईक पळवते.

बघायला गेलास तर स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ घेऊन जा. डेकवर कठड्याचे खांब रोवलेत त्यांच्या बुडाशी हलकेच ठोक. टणटण आवाज आला तर ठीक. थपथप आला तर आतलं लाकूड भिजून कुजलंय, तो डेक सोलावा लागेल, आणि सोलायचे पैसे बोटीपेक्षा जास्त. मग विकणाऱ्याने चहा दिला तर पी आणि घरी ये.

---

रेवदंडेकर

हे आमच्याकडेही असंच करतात, फक्त मूठ कोयत्याची असते.